वाईत जुनं घर घेताय? इसार देण्याआधी मोजणी आणि तपासणी

वाईत घर बघायला येणारे बहुतेक जण सकाळी येतात. ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, घाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसणं होतं, मेणवलीला जाऊन नाना फडणवीसांचा वाडा बघून होतो, आणि दुपारी एजंट मधल्या आळीतलं नाहीतर गंगापुरीतलं एखादं घर उघडून दाखवतो. दिंडी दरवाजा, कोरीव खांब, चौकात उतरलेलं ऊन. संध्याकाळपर्यंत मन ठरलेलं असतं आणि मालक म्हणतात, "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय, थोडाफार इसार देऊन ठेवा." तो इसार त्या दिवशी देऊ नका. या लेखातली बहुतेक कामं इसाराच्या आधीची आहेत.

जुन्या गावात कागदावर एक घर असतं आणि पायाखाली दुसरं. दीडशे-दोनशे वर्षांत भावांच्या वाटण्या झालेल्या असतात, बोळ बुजवलेले असतात, परसात खोल्या चढलेल्या असतात, भिंती शेजाऱ्याबरोबर सामाईक झालेल्या असतात. ही दोन घरं एकच आहेत की नाहीत, हे आधी बघायचं. म्हणून आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी करून घ्यायच्या आहेत. एक म्हणजे मोजणी, जी भूमि अभिलेख खातं करतं आणि जी हद्द सांगते. दुसरी बांधकामाची तपासणी, जी अनुभवी अभियंता करतो आणि जी भिंत, लाकूड, छप्पर यांची प्रकृती सांगते. "सर्व्हे झालाय" असं मालक म्हणाले की यांतलं नक्की काय झालंय, कधी झालंय आणि त्याचा कागद कुठे आहे, हे तीनही प्रश्न लगेच विचारा.

सुरुवात मिळकत पत्रिकेपासून

शेतीला जसा सातबारा, तशी नगर भूमापन झालेल्या गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका. लोक तिला प्रॉपर्टी कार्ड किंवा सिटी सर्व्हेचा उतारा म्हणतात. डिजिटल स्वाक्षरीची प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळते. सिटी सर्व्हे नंबर मालकाकडून घ्या, पण प्रत स्वतः काढा. मालकाच्या फाईलमधली प्रत दहा वर्षांपूर्वीची असू शकते, आणि मधल्या काळात त्यावर कुणाचं नाव चढलंय किंवा बोजा चढलाय हे तिच्यात दिसणार नाही.

पत्रिकेवर पुढच्या गोष्टी बारकाईनं वाचा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. तोंडी व्यवहार चौरस फुटांत किंवा खणांत (दोन खांबांमधल्या जागेच्या मापात) चालतो. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, हा गुणाकार स्वतः करून बघा. धारकांची नावं किती आहेत ते मोजा. सत्ताप्रकाराचा रकाना बघा, कारण जागा शासनाच्या भाडेपट्ट्यानं किंवा अटीवर दिलेली असेल तर ती विकायला परवानगी लागते. देवस्थान इनामाचा, म्हणजे देवळाला दिलेल्या जमिनीचा, काही धागा जुन्या नोंदींत दिसला तर तिथेच थांबा आणि वकिलाकडे जा. वाईसारख्या देवळांच्या गावात हा धागा निघण्याची शक्यता इतर गावांपेक्षा जास्त असते. आणि इतर हक्क किंवा बोजा या सदरात बँकेचं, पतसंस्थेचं नाव आहे का, तेही पाहा.

नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा मालकीचा पुरावा नाही. त्यावर नाव असलेला माणूस घरपट्टी भरतो एवढंच त्यातून कळतं. अनेक खरेदीदार या एका उताऱ्यावर विश्वास ठेवून फसतात, म्हणून हे ठळक सांगतोय.

नगर भूमापनाच्या वेळी धारकाला सनद दिलेली असते आणि तिच्यावर मिळकतीचा नकाशा असतो. जुन्या घरांत ती बहुधा देवघरातल्या पेटीत किंवा पत्र्याच्या ट्रंकेत पडून असते. मालकांना शोधायला लावा. ती मिळाली तर पुढची निम्मी कामं सोपी होतात.

नावं आणि हिस्से

मिळकत पत्रिकेवर आजोबांचंच नाव आहे, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि विकायला एक नातू उभा आहे, हे चित्र इथे फार नेहमीचं. वारसांची पूर्ण यादी काढा, आणि त्यात मुली, सुना, परगावी गेलेली भावंडं, सगळी धरा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. "बहिणींनी काही मागितलेलं नाही" हे वाक्य ऐकलं की बहिणींची सही खरेदीखतावर हवी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, एवढंच उत्तर द्या. यात मालकाचा अपमान होत नाही. आज विचारलं नाही तर तो प्रश्न उद्या तुमच्या मुलांना विचारला जाईल.

वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी आणि सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू) बघून ते हा अहवाल देतात. वकील तुमचा असावा, मालकांनी सुचवलेला नको.

घरात भाडेकरू असेल, मग ती दर्शनी बाजूची एका खणाची शिलाई मशीनची जागा का असेना, तर त्याला नीट भेटा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 खालचा भाडेकरू मालक बदलला म्हणून उठत नाही. तो तुमच्याबरोबर येतो. "खरेदीनंतर काढून देतो" या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका.

मोजणी

मोजणीचा अर्ज उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात, आता ऑनलाइन, करायचा असतो आणि तो धारकाच्या नावानं होतो. तुम्ही अजून कुणीच नाही, त्यामुळे मालकांना अर्ज करायला लावा आणि लागलंच तर शुल्क तुम्ही भरा. हा खर्च परत मिळाला नाही तरी चालेल. मालक मोजणीला टाळाटाळ करत असतील तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलं, असं समजा.

अर्ज हद्द कायम मोजणीचा करा. लगतच्या धारकांना नोटिसा जातात आणि ठरलेल्या दिवशी भूकरमापक येतो. त्या दिवशी कितीही काम असलं तरी स्वतः हजर राहा. मोजणी झाल्यावर नकाशाची 'क' प्रत मिळते. त्यात रेकॉर्डची हद्द आणि जागेवरची वहिवाट यांत फरक असेल तर तो दिसतो. निकाल पटला नाही तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

मी घर घेतलं तेव्हा पत्रिकेवर 142 चौरस मीटर होतं आणि मालक सांगत होते सतराशे फूट. गुणाकार केला तर दीडशेहून अधिक फूट जास्त येत होते. ही जादा जागा कुठली, ते मोजणीच्या दिवशी कळलं. भूकरमापकानं परसातल्या पेरूच्या झाडापलीकडे खूण केली आणि शेजारच्या काकू कट्ट्यावरून म्हणाल्या, "अहो, ते आमचंच आहे. त्यांच्या आजीला धुणं वाळत घालायला दिलं होतं." कुणी लबाडी केली नव्हती. तीन पिढ्या धुणं वाळत गेलं आणि ती जागा घराचाच भाग झाली, एवढंच. मालकांनाही खरंच माहीत नव्हतं. मोजणी नसती केली तर त्या जागेचे पैसे मी दिले असते, आणि पहिल्याच वर्षी काकूंशी भांडणही ओढवून घेतलं असतं.

भूकरमापक असतानाच आणखी काही गोष्टी विचारून घ्या. सामाईक भिंतीत हद्दीची रेघ भिंतीच्या मध्यातून जाते की एका अंगानं? बोळ नकाशात आहे का, आणि आहे तर कुणाच्या नंबरात? शेजाऱ्याच्या पागोळ्या आपल्या अंगणात पडतात का? त्याची खिडकी आपल्या चौकावर उघडते का? उजेड, वारा, पाणी आणि वाट यांचा वीस वर्षं बिनतक्रार उपभोग झाला असेल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याखाली त्याला हक्क लागू शकतो. तुम्ही नंतर ती खिडकी विटांनी बंद करायला गेलात तर कोर्टाची पायरी चढावी लागेल.

भिंती आणि लाकूड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येऊन अर्ध्या तासात फोटो काढून जातो. ती बँकेच्या पैशांची काळजी आहे, तिला तपासणी समजू नका. तुम्हाला असा अभियंता हवा ज्यानं दगड, माती, चुना आणि लाकूड यांच्या घरांवर काम केलंय. फक्त काँक्रीट केलेला माणूस वाड्यात आला की बहुतेक वेळा "पाडून नवीन बांधा" एवढंच सांगतो. पुण्यात इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेची शाखा आहे, तिथे किंवा वाईतच एखाद्या वाड्याची चांगली दुरुस्ती झालेली दिसली तर तिथल्या मालकांना विचारा, माणूस सापडतो. त्याच्याबरोबर जुन्या हाताचा सुतारही न्या. लाकडाच्या बाबतीत माझा भरवसा सुतारावर जास्त आहे.

आधी वाडा उभा कसा राहतो ते समजून घ्या. खाली दगडी जोतं. त्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं छत). पुष्कळ वाड्यांत भार हा लाकडी सांगाडा पेलतो आणि मधल्या विटामातीच्या जाड भिंती भरावाच्या असतात. त्यातले कित्येक खांब भिंतीत गाडलेले असतात, बाहेरून दिसतच नाहीत. म्हणजे ज्यावर घर उभं आहे ते नेमकं झाकलेलं आहे. सोप्यातले (दर्शनी ओसरीतले) रंगवलेले चार खांब बघून "लाकूड मजबूत आहे" म्हणणं पुरेसं नाही.

आमच्या सुतारमामांनी हातोडा उलटा धरला आणि दांड्याच्या टोकानं तुळईवर ठोकत ठोकत भिंतीकडे सरकत गेले. ठक, ठक, ठक. भिंतीपासून वीतभर अंतरावर आवाज एकदम भद्द झाला. त्यांनी टोच्या लावला, तो चार बोटं आत गेला आणि बाहेर आला तेव्हा टोकाला ओला, काळा भुगा होता. वरून त्या तुळईला नुकताच चकचकीत ऑइलपेंट दिलेला. बाहेर जाऊन बघितलं तर बरोबर त्याच जागी पन्हळ फुटलेली, आणि भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडून ठेवतं, आणि कोंडलेली ओल सगळ्यात आधी तुळईचं टोक खाते. म्हणून नियम असा धरा की जुन्या भिंतीवर जिथे नवं सिमेंट दिसेल, त्याच्या आतल्या बाजूचं लाकूड आधी ठोकायचं.

त्या तुळईचं टोक कापून नवा सागाचा तुकडा सांध्यानं जोडता आला. त्या खर्चाचा अंदाज लेखी होता, म्हणून तेवढी किंमत कमी करून मिळाली.

भिंतीजवळ ओळंबा सोडून बघा. दोरी वर टेकते आणि मध्ये अडकते, म्हणजे भिंतीला पोट सुटलंय. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटले की असं होतं, आणि हे फक्त गिलाव्यानं दुरुस्त होत नाही. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा (पांढरा क्षार) धरलेला, गिलावा भुसभुशीत झालेला दिसला तर जमिनीतली ओल चढते आहे. ओल मोजायचं यंत्र अभियंत्याकडे असतं, पण हाताची पाठ भिंतीवर टेकवली तरी पुष्कळ कळतं.

तडे घाबरवतात, आणि मालक त्यांचं वय सांगतात. "हा 67 च्या भूकंपातला आहे," असं साताऱ्याकडे हमखास ऐकू येतं. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का या भागानं खरोखर सोसलाय, त्यामुळे ते खरंही असेल. पण तडा जुना असणं आणि थांबलेला असणं या वेगळ्या गोष्टी. व्यवहाराला दोन-तीन महिने लागणार असतील तर तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी प्लास्टरनं चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे.

छपरावर माणूस चढवाच. कौलं किती फुटली याहून आढं सरळ आहे का, वासे कुठे वाकलेत, दोन छपरांच्या खोबणीत पाणी कुठे तुंबतं, हे महत्त्वाचं. वाळवीच्या मातीच्या नळ्या बहुधा अंधाऱ्या खोलीत, बळदाच्या (धान्याच्या कोठाराच्या) तोंडाशी, जिन्याखाली सापडतात; बॅटरी न्या. चौकातला आड किती खोल, पाणी कसं, आणि शोषखड्डा त्याच्या किती जवळ आहे तेही लिहून घ्या. विजेचं वायरिंग जुनं असणारच, ते पूर्ण बदलायचं धरूनच चाला.

अहवाल लेखी मागा. त्यात घराचा मोजमापासह आराखडा, प्रत्येक दोषाचा फोटो आणि जागा, आणि लगेच करायची दुरुस्ती व पुढे करायची दुरुस्ती यांचा वेगवेगळा खर्च हवा. "घर एकंदर चांगलं आहे" अशा अहवालाचा उपयोग नाही.

जमलं तर घर दोनदा बघा, आणि त्यातली एक वेळ आषाढ-श्रावणातली असू द्या. वैशाखात सगळे वाडे कोरडे आणि देखणे असतात.

नदी

वाईची शोभा कृष्णेमुळे आहे आणि काळजीही तिच्यामुळेच. वर धोम धरण आहे, पावसाळ्यात विसर्ग वाढला की घाट पाण्याखाली जातात. घाटालगतचं घर घेताना नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा बघा. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये कडक अटी असतात. म्हणजे आज उभं असलेलं घर उद्या पडलं, तर त्या जागी ते तसंच पुन्हा बांधता येईल असं धरून चालू नका. आळीतल्या वयस्क माणसांना विचारा, "पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?" ते हातानं भिंतीवर दाखवतात. त्या उंचीचा फोटो काढून ठेवा.

दुरुस्तीची परवानगी आणि वारसा

नगरपरिषदेत तीन प्रश्न लेखी अर्जानं विचारा. या मिळकतीला धोकादायक इमारतीची नोटीस निघाली आहे का? विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ घरातून जाते का? मिळकत वारसा यादीत आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर दर्शनी सोपाच जाऊ शकतो, आणि बहुतेकदा आपण घराच्या प्रेमात पडलेले असतो ते त्या सोप्यामुळेच.

जवळ संरक्षित स्मारक असेल तर तेही तपासा. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. हे 2010 च्या दुरुस्तीनंतर आणखी कडक झालं. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या घरांचा पुनर्विकास याच नियमामुळे अडलेला आहे. पैठण, नाशिक किंवा पंढरपूर, कुठेही जुन्या पेठेत घर घेणार असाल तरी हा प्रश्न विचारायचाच. राज्य संरक्षित स्मारकांसाठी पुरातत्त्व संचालनालयाकडे विचारणा करावी.

आता इसार

एवढं हातात आलं की बसा आणि बोला. इसार पावतीत मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र लिहा, मालक सांगतील तो फुटांचा आकडा नको. मोजणी नकाशा आणि तपासणी अहवाल जोडपत्र म्हणून लावा. कुठल्या वारसाची सही कोणत्या तारखेपर्यंत येणार आणि नाही आली तर इसार परत, हे स्पष्ट लिहा. आणि एक गोष्ट, जी फार कमी लोक लिहितात: खांब, तुळया, कोरीव दरवाजे, देवघराची चौकट, तळखडे, पितळी कड्या, सगळं नावानिशी यादीत घाला आणि फोटो लावा. जुन्या सागाला आणि नक्षीला बाजारात मोठी किंमत आहे. इसार आणि ताबा यांच्यामधल्या महिन्यांत दिंडी दरवाजा निघून गेल्याचं मी आमच्याच आळीत पाहिलंय. चौकटीच्या जागी उघडी भिंत आणि खाली चुन्याचा चुरा पडलेला होता.

खरेदीखत नोंदवल्यावर सूची क्रमांक 2 ची प्रत घेऊन त्याच आठवड्यात नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्या, आणि नगरपरिषदेत घरपट्टीला नाव लावण्याचा वेगळा अर्ज द्या. हे दोन अर्ज वेगळ्या कार्यालयांतले आहेत, एक केल्यानं दुसरा होत नाही. मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव आलेली प्रत हातात पडली की लगेच पन्हळ बदलून घ्या, रंगाचं नंतर बघता येईल. मृगाच्या आधी पन्हळ नवी झाली तर तुळयांची टोकं त्या पावसाळ्यात कोरडी राहतात.